दोर सैल होता

“पुण्याला समुद्र नाही. नद्या आहेत, तर त्यांना पाणी नाही. आणि आम्ही करतोय काय, तर समुद्रातलं यंत्र. उद्या म्हणतील, जैसलमेरला जहाज बांधा.”

हे दिगंबरकाका कुणाला उद्देशून बोलत नव्हते. टेम्पोच्या हौद्यात उकिडवे बसून ते यंत्राच्या पोटाखालचा नट आवळत होते आणि जे काय असेल ते नटालाच सांगत होते. पण यंत्राचं दुसरं टोक सुनीतीच्या मांडीवर होतं, त्यामुळे तिचा कान काकांच्या तोंडापासून जेमतेम वीतभर लांब होता.

“काका, मला ऐकू येतंय.”

“येऊ दे. तुमच्यासाठी नव्हतं.”

“मग कुणासाठी?”

“कुणासाठी नाही. आत राहिलं की ॲसिडिटी होते.”

एरवी सुनीती हसली असती. आज तिचं लक्ष पर्समधल्या एका कागदाकडे होतं. त्या कागदावर तिची सही हवी होती आणि ती काल झाली नव्हती.

२००९ सालचा फेब्रुवारी. कोथरूडहून सकाळी निघालेला टेम्पो हडपसरची गर्दी मागे टाकून मांजरीच्या रस्त्याला लागला होता. दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसात मध्येच उगवलेल्या सात-सात मजली इमारती. त्यांच्या जाहिरातीत हाच ऊस ‘निसर्गरम्य परिसर’ या नावाने आला होता. पुढे ड्रायव्हरशेजारी आमोद आणि स्वराली बसले होते. आमोद म्हणजे मालक. वय चौतीस, अमेरिकेत पाण्याखालच्या यंत्रांचं शिक्षण घेऊन आलेला, आणि ‘मग परत का आलास?’ या प्रश्नाला अजून धड उत्तर न सापडलेला. स्वराली पंचविशीची. यंत्राचं डोकं, म्हणजे सगळा प्रोग्राम, तिचा. यंत्राचं शरीर दिगंबरकाकांचं. त्यांनी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढली होती आणि मग कारखान्याने त्यांना ‘स्वेच्छेने’ घरी पाठवलं होतं. घरी आठ दिवस बसून नवव्या दिवशी त्यांनी मिक्सर उघडून बसवला, दहाव्या दिवशी शेजाऱ्यांचा, आणि अकराव्या दिवशी बायकोनेच त्यांना कामधंदा शोधायला बाहेर काढलं.

आणि सुनीती? सुनीतीचं काम खोट काढायचं.

खरोखरच. कंपनीत तिचा तोच हुद्दा होता. इंग्रजीत त्याला भारदस्त नाव होतं, पण श्रीधरने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, पहिल्याच दिवशी त्याचं भाषांतर करून टाकलं होतं. “म्हणजे तुला खोट काढायला ठेवलंय? आणि पगार देऊन? अगं, आम्ही इतकी वर्षं हे फुकट ऐकतोय.”

बी.एस्सी. गणित, मग लग्न, मग एका बियाण्यांच्या कंपनीत टायपिंग, असं सुनीतीचं आयुष्य सरळ रेषेत चाललं होतं. नव्वदचं दशक संपता संपता आवई उठली, की दोन हजार साल उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर तारखा चुकणार. पुण्यात ज्याला म्हणून कीबोर्ड ओळखता येत होता त्याला कंपन्या हाताला धरून नेऊ लागल्या. सुनीतीने बुधवार पेठेत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर भरणारा संध्याकाळचा क्लास केला. उरलेलं पुस्तकं आणून, पोळ्या लाटता लाटता, आपलं आपण शिकली. आणि दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका तिला तांदळातल्या खड्यांसारख्या दिसायला लागल्या. बोट जिथे टेकेल तिथे खडा. कंपनीला आधी कौतुक वाटलं. मग त्रास व्हायला लागला. नऊ वर्षांत तिच्यामागून आलेली मुलं अमेरिकेला जाऊन, तिथलं चॉकलेट वाटून, पुन्हा गेली. सुनीती तिथेच. शेवटी तिच्या मुलाच्या वयाचा मॅनेजर म्हणाला, “मॅडम, बी अ लिटल पॉझिटिव्ह ना.” त्या दिवशी तिने ठरवलं, की आता पुरे.

आमोदकडे ती मुलाखतीला आली तेव्हा त्याने अर्धा तास उत्साहाने यंत्र दाखवलं. हे पाण्यात जाईल, बंदराच्या धक्क्याखालचे खांब तपासेल, कुणी न चालवता आपलं आपण परत येईल. सगळं ऐकून सुनीती म्हणाली, “आणि याला काही कळेनासं झालं तर हे काय करतं?”

“म्हणजे?”

“म्हणजे आपण कुठे आहोत, घर कुठल्या दिशेला, हेच कळेना. माणसाचं होतं ना असं, मंडईत नवख्या माणसाचं होतं तसं. तेव्हा हे काय करतं?”

आमोदने यंत्राचं झाकण लावलं. मग म्हणाला, “कधीपासून येताय?”

त्यातून तिसरा नियम आला. पहिला, कशावर आपटायचं नाही. दुसरा, ठरलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. आणि तिसरा, सुनीतीचा: कळेनासं झालं की उगाच भटकायचं नाही. पोटातलं शिशाचं वजन सोडायचं, सरळ वर यायचं आणि दिवा लुकलुकवत थांबायचं. वजन सोडणारी तेवढी पेटी घरी नेऊन तिने बाल्कनीतल्या पिंपात दोनशे वेळा तपासली होती. कधी अर्धवट चार्ज केलेल्या बॅटरीवर, कधी मुद्दाम गढूळ केलेल्या पाण्यात. श्रीधर पेपरमागून सांगत असे, “आली गं तुझी वर.” दोनशेच्या दोनशे वेळा आली.

कागदोपत्री यंत्राचं नाव जेव्ही-थ्री होतं. पण ते चाचणीसाठी मांजरीच्या विहिरीत पहिल्यांदा सोडलं त्या दिवशी विहिरीचे मालक ज्ञानदेव म्हणाले होते, “आमची चंपा म्हैस बी अशीच. एकदा पाण्यात शिरली का बाहेर यायचं नाव न्हाई.” त्या दिवसापासून ती चंपा. आमोदनेसुद्धा एकदा परदेशातल्या कुणाशी फोनवर बोलताना ‘चंपा इज स्टेबल’ असं म्हटलं होतं.

आज बंदराचे साहेब चंपाला बघायला येणार होते. कोकणातल्या एका बंदरावर पाण्याखालच्या तपासणीचं काम त्यांच्याकडे होतं. चंपा पसंत पडली तर ती समुद्रात जाणार, आणि आमोदची कंपनी जगणार. नाही पडली तर स्वरालीला हिंजवडीत नोकरी मिळाली असती, आमोदला अमेरिकेत. साठीतल्या फिटरला आणि सत्तेचाळीस वर्षांच्या खोट काढणाऱ्या बाईला कुठे मिळाली असती, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

आणि आज पहिल्यांदा चंपा दोराशिवाय पाण्यात उतरणार होती.

दोराची गोष्ट अशी.

चाचणीच्या वेळी चंपाच्या पाठीला एक लांब दोर बांधायचा, ही जगभरची रीत. यंत्र हरवलं तर ओढून काढता यावं म्हणून. दोर सैल ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. दोराचं टोक दिगंबरकाकांच्या हातात. आणि चाचण्या ठरायच्या लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर. मांजरीत वीज गेली की ज्ञानदेवांचा पंप बंद, पंप बंद म्हणजे विहीर शांत. अख्खा महाराष्ट्र वीज गेली की शिव्या द्यायचा, आणि कोथरूडमधल्या या एका ऑफिसात सगळे “अरे वा, उद्या दहा ते दोन गेलीये!” असं आनंदाने ओरडायचे.

पहिल्या सोळा चाचण्या फसल्या. चंपा खाली जायची, विहिरीच्या कडेने फिरून दगडांचे फोटो काढायची, सगळं नीट. परत पायऱ्यांपाशी यायची वेळ आली की गडबडायची. विहीर गोल, चहूबाजूंना सारखाच दगड, पायरी कुठे तेच तिला उमगायचं नाही. मग ती सुनीतीचा नियम पाळून मधोमध वर यायची आणि दिवा लुकलुकवत बसायची. आमोदच्या वहीत प्रत्येक वेळी एकच शब्द: ‘फेल’. सोळाव्या वेळेनंतर स्वराली उसाच्या आड जाऊन रडून आली आणि डोळ्यांत पाचट गेलं म्हणाली.

सतराव्या वेळी चंपा आली. सुळकन पायऱ्यांपाशी, नाक बरोबर खालच्या पायरीला लावून. आमोदने चक्क उडी मारली. ज्ञानदेवांच्या बायकोने, द्वारकाबाईंनी, पिठलं-भाकरी आणली, वर ठेचा. पंधरा दिवसांत पहिल्यांदा स्वराली तोंडात घास असताना हसली आणि तिला ठसका लागला.

सुनीती पायरीवर बसून फॉर्म भरत होती. फॉर्म तिनेच तयार केलेला. त्यात एक रकाना होता: ‘दोर सैल होता: होय / नाही.’ सैल दोर पाण्यावर कसा पडतो हे तिला आता पाठ होतं. त्याला पोट येतं, झोळीसारखं. आज दोर सरळ होता, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीसारखा ताठ, आणि त्यावरून थेंब ओळीने ठिबकत होते. तिने वर बघितलं. काकांचं मनगट अगदी हलकं, लोण्यातून केस काढावा तसं, मागे येत होतं.

तिने काकांकडे बघितलं. काकांनी उसाकडे बघितलं.

एक दिवस, तिने स्वतःला सांगितलं. पोरीला आज जेवू दे. आणि ‘होय’वर खूण केली.

मग अठरावी चाचणी आली. एकोणिसावी आली. काकांचा हात इतका तयार झाला की बघणाऱ्याला वाटावं, ते फक्त उभे आहेत. यात फसवणूक आहे असं त्यांच्या मनातही नसावं. पोराला सायकल शिकवताना बाप सीट धरतो तेवढंच. स्वरालीच्या आलेखात दर वेळी शेवटी एक छोटंसं टोक उमटायचं, हिसका बसल्यासारखं. तिने त्याला ‘करंट’ असं नाव दिलं. विहिरीत कसला गं प्रवाह, असं विचारायला हवं होतं. विचारण्याचा पगार ज्या बाईला मिळत होता तिने विचारलं नाही. आमोदला नेमका त्याच वेळी फोन यायचा. एकदा ज्ञानदेव म्हणाले, “काका, तुमी ल्हानपनी गुरं राखली असनार बघा. काय वळवताय!” सगळे हसले. जरा जास्तच वेळ हसले, आणि मग कुणी कुणाकडे बघितलं नाही.

एकेचाळीस चाचण्या झाल्या. शेवटच्या पंचवीस सगळ्या पास. पंचवीस फॉर्म, पंचवीस वेळा ‘होय’, खाली सुनीतीची सही.

काल संध्याकाळी आमोद तिच्या टेबलापाशी कागद घेऊन आला होता. ‘दोराशिवाय पाण्यात सोडण्यास हरकत नाही.’ नियम कंपनीचाच होता, की तपासणाऱ्याच्या सहीशिवाय दोर सुटणार नाही.

“ताई, एवढं साइन करता का?”

“आमोद, आधी आपण आपल्यापुरती एकदा दोर काढून बघू या ना. साहेब यायच्या आधी.”

“वेळ कुठे आहे, ताई? लोडशेडिंग उद्या दहालाच सुरू होतं, साहेब साडेदहाला येतायत.”

“साडेदहाऐवजी साडेअकराला बोलवू.”

“असं कसं सांगायचं त्यांना? आणि पंचवीस रन झालेत ना सलग. ट्वेंटी-फाइव्ह!” तो पंचवीस म्हणाला आणि त्याची नजर तिच्या टेबलावरच्या कॅलेंडरवर जाऊन बसली. स्वराली आपल्या स्क्रीनमध्ये आणखी खोल गेली. काकांनी ग्राइंडर सुरू केला. त्या वेळी घासण्यासारखं ऑफिसात काहीही नव्हतं.

“विहिरीवर करते सही,” सुनीती म्हणाली आणि कागद पर्समध्ये टाकला.

टेम्पो ज्ञानदेवांच्या बांधाशी थांबला तेव्हा दहाला पाच कमी होती. पंप चालू होता. दहा वाजून दोन मिनिटांनी तो घरघरत बंद पडला.

“गेली बया,” ज्ञानदेव म्हणाले. “येळंला आपली पक्की हाय. आन् आज खुर्च्या मांडल्यात बरं का. द्वारकीनं रसबी काढून ठेवलाय. कधी न्हाई ते पावनं येनार.”

“खाऱ्या पाण्यातल्या माणसाला उसाचा रस म्हणजे चैनच,” आमोद म्हणाला. तो सकाळपासून असली वाक्यं बोलत होता.

“खारं म्हटल्यावर आठवलं. तुमची ती कल्पना अजून डोक्यात न्हाई ना? मीठ टाकायची?”

एकदा आमोदने विहिरीत मीठ टाकून समुद्रासारखं पाणी करता येईल का, असं विचारलं होतं. ज्ञानदेव त्यानंतर आठवडाभर विहिरीवर झोपायला होते.

साहेब साडेदहाला आले. ऐन पन्नाशीचे, सावळे, अंगाने आडवे, आणि बोलायला इतके संथ की वाक्य संपलं की नाही याचा अंदाज घेत समोरच्याला थांबावं लागे. मांडलेल्या खुर्चीकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. चपला काढल्या, पँट दुमडली आणि सरळ विहिरीच्या चौथ्या पायरीवर जाऊन बसले. रसाचे दोन ग्लास प्यायले. आमोदने दिलेली फाइल मांडीवर घेतली आणि एक एक फॉर्म उलटायला लागले. सगळे एकेचाळीस.

“फॉर्म कुणी केलाय?”

“मी,” सुनीती म्हणाली.

“चांगला आहे. दोराचा रकाना असतो सगळ्यांचा, पण सैल होता का हे कुणी विचारत नाही.” त्यांनी पान उलटलं. “आमच्याकडे पाच पाणबुडे आहेत. खांब बघायला तेच जातात, हाताने चाचपून. गढूळ पाण्यात दिसत तर काहीच नाही. हे तुमचं यंत्र आलं की ते घरी बसणार नाहीत हां. ते त्याच पाण्यात असणार, याच्या शेजारी.” ते थांबले. वाक्य संपलं असं वाटून आमोद काही बोलणार, तोच पुढे म्हणाले, “यंत्र चुकलं तर मला चालतं. माणसंही चुकतात. कुठे चुकतं ते मला आधी ठाऊक पाहिजे, म्हणजे माणूस कुठे उभा करायचा नाही ते मला ठरवता येतं. बास. एवढंच बघायला आलोय.”

सुनीतीच्या डोळ्यांपुढे ते पाच पाणबुडे आले. तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी आले. गढूळ पाण्यात खांब चाचपणारे हात. आणि साहेबांच्या मांडीवर पंचवीस ‘होय’.

“करू या का सुरू?” आमोद म्हणाला. “ताई, तो कागद…”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने पर्समधून कागद काढला. गुडघ्यावर ठेवला. कागदावर लिहिलं होतं, सोडायला हरकत नाही. चंपा परत येईल, असं त्यात कुठे लिहिलं नव्हतं. चंपा बुडणार नाही, कुणाला लागणार नाही, हरवली तर वर येऊन थांबेल, एवढं सुनीती झोपेतून उठवलं तरी सांगू शकत होती. दोनशे वेळा बघितलं होतं तिने. ही सही खोटी नव्हती. खोट्या सह्या आधीच्या होत्या, आणि ही केली की त्या उघड्या पडणार हे तिला कळत होतं. तिने सही केली. नेहमीपेक्षा जरा मोठीच झाली.

“काका, दोर काढा.”

दिगंबरकाकांनी गाठ सोडली. सोडवायला वेळ लागला, कारण गाठ त्यांनीच मारली होती. मग चंपाच्या पाठीवर, गोठ्यात जनावराला देतात तशी एक थाप दिली आणि मागे सरले. हातात दोर नाही, आता हातांचं काय करायचं हे त्यांना सुचेना. खिशात घातले, काढले, शेवटी पाठीमागे बांधले.

चंपा गुरगुरली, नाक खाली केलं आणि गेली.

दोर नाही म्हणजे त्याच्याबरोबर जाणारी, आतली माहिती वर आणणारी तारही नाही. आत काय चाललंय ते ती वर आल्यावरच कळणार. स्वराली लॅपटॉप उघडून बसली होती, पण त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. ती घड्याळ बघत होती.

“किती वेळ?” साहेबांनी विचारलं.

“बारा मिनिटं, सर. मॅक्स चौदा.”

बारा मिनिटं पाच माणसांनी, द्वारकाबाईंनी आणि एका साहेबाने विहिरीकडे बघत काढली. ज्ञानदेवांनी एकदा “वाईच डोकावू का?” असं विचारलं, आणि कशात डोकावायचं हे त्यांनाच न सुचल्यामुळे गप्प बसले. पाण्यावर एक बारीकशी रेघ भिंतीच्या कडेकडेने सरकत होती. म्हणजे चंपा फेरी मारत होती, शहाण्यासारखी. सुनीती स्वतःशी मोजत होती. रेघ पायऱ्यांच्या अलीकडे आली. थांबली. डावीकडे वळली. पुन्हा थांबली. ये बाई, सुनीती मनात म्हणाली. तिसरा नियम जिने लिहिला तिनेच नवस बोलल्यासारखं म्हटलं, एकदा ये, फक्त आज, आपली आपण.

रेघ पुसली गेली. विहिरीच्या बरोबर मधोमध पाण्याला एक फुगा आला आणि चंपा वर आली. पिवळी धमक पाठ, ओली, उन्हात चकाकणारी. डोक्यावरचा केशरी दिवा लागला, विझला, लागला, विझला.

“बसली फतकल मारून,” द्वारकाबाई म्हणाल्या.

“उडी टाकू का?” ज्ञानदेवांनी सदऱ्याच्या बटणाला हात घातला.

“थांबा हो, दादा.” आमोद पायऱ्या उतरून साहेबांच्या शेजारी आला. “सर, हे… आज जरा अनयुज्वल झालं. बॅटरी थोडी थंड असणार. सकाळचा गारवा.”

“सकाळी एकवीस डिग्री होतं,” साहेब म्हणाले.

“मॅग्नेटिक फील्ड असू शकतं, सर,” स्वराली म्हणाली. “म्हणजे पंपाचं.”

“पंप बंद आहे ना?”

“हो, म्हणजे… पाइपचं. लोखंडी पाइप.”

“पाइप मागच्याच वर्साला पीव्हीसीचा टाकलाय,” ज्ञानदेव मदत करायला म्हणून म्हणाले, आणि आमोदने त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की ते लगेच म्हणाले, “पर वारं हाय आज. वारं लई हाय.”

उसाचं एक पातंसुद्धा हलत नव्हतं.

साहेब हसले नाहीत, चिडलेही नाहीत. ते चंपाकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर, सुनीतीला आश्चर्य वाटलं, कौतुकासारखं काहीतरी होतं. “दिवा छान लागला,” ते म्हणाले. “लांबून दिसेल.” मग त्यांनी फाइलवर हात ठेवला. “पण मला एक समजत नाही. मागच्या पंचवीस वेळा हे बरोबर पायरीला येतंय. एकदासुद्धा चुकलेलं नाही. आणि आज तेच यंत्र, तीच विहीर. आज बदललं काय?”

चंपा दिवा लुकलुकवत होती: मला कळत नाही, मला कळत नाही. त्या विहिरीवर तेवढी एकच होती जी हे सरळ सांगत होती.

मग सुनीतीला दिसलं की दिगंबरकाका पाठीमागचे हात सोडून पँटला तळवे पुसतायत. एक पायरी खाली आले. घसा खाकरला. तीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस साहेबापुढे जसा उभा राहतो तसे उभे राहिले, सरळ, खांदे ओढून. ते काय करणार आहेत हे तिला लख्ख कळलं. हा माणूस सगळं एकट्याच्या अंगावर घेणार होता. इतर कुणाला माहीत नव्हतं म्हणणार होता. आणि बाकीच्यांनी मान खाली घालून ते घेऊ दिलं असतं. तिनेसुद्धा.

ती काकांच्या आधी उठली. इतक्या घाईने, की मांडीवरची पर्स पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली आणि कुणी ती उचलली नाही.

“साहेब, ही आजपर्यंत एकदाही आपली आपण परत आलेली नाही,” सुनीती म्हणाली. “पहिल्या सोळा वेळा अशीच मध्ये वर येऊन बसली होती. नंतरच्या पंचवीस वेळा काकांनी तिला दोराने ओढून आणलं. ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, आणि बघत बघत मी ‘होय’ लिहून खाली सही करत होते.”